राबाचा धूर आणि खाचरातलं नत्र : वाचकांची पत्रं

होळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत राबाचा विषय हमखास असतो. राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा, पालापाचोळा पसरून भाजलेली. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: मी ठाण्यात नौपाड्यात राहते. एकतीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. माहेरची सव्वा एकर खाचरं मुरबाडकडे आहेत. ती भाऊ कसतो, आणि मी शनिवारी कल्याणहून एसटीनं तिथे जाते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची दीड एकर भातशेती आहे. आजोबा दरवर्षी राब भाजतात. ऐनाची कवळं (छाटलेल्या पाल्याच्या फांद्या), गवत, पातेरा (वाळका पाला), त्यावर शेण आणि वरून मातीचा थर. यंदा कृषी सहाय्यक म्हणाले, राब भाजू नका, जमिनीचा कर्ब (कार्बन) जळतो. आजोबा म्हणतात, न भाजलेल्या राबाचं रोप पिवळं राहतं, तणात हरवतं आणि उपटताना मुळं तुटतात. मी कुणाचं ऐकू?
— एक तरुण शेतकरी, टोकावडे परिसर, ता. मुरबाड

उत्तर : आधी आजोबांची बाजू मांडते, कारण ती फारसं कुणी नीट ऐकून घेत नाही.

राब भाजल्यावर वरची दोन-तीन बोटं माती तापते. त्या थरातलं तणाचं बी मरतं. मातीतले बरेच सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्या शरीरातलं नत्र (नायट्रोजन) अमोनियमच्या रूपात मोकळं होतं. राखेतून पालाश (पोटॅश), थोडं स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना मिळतो. माती भुसभुशीत होते, म्हणून रोप अलगद निघतं. मिरगाच्या पावसानंतर भाजलेल्या राबातलं रोप काळंभोर दिसतं, ते यामुळेच. आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं ते खरं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहकाऱ्यांसोबत या राबाचा अभ्यास केला होता. शास्त्रज्ञांना त्यात अभ्यास करण्यासारखं काही दिसलं होतं, हे लक्षात ठेवा. राब अडाणीपणातून आला असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. 'जमिनीचा कर्ब जळतो' हे कृषी सहाय्यकांचं वाक्य थोडं दुरुस्त करायला हवं. राबाखालच्या मातीतला कर्ब जळतो तो वरवरचा, आणि तोही एकराला चारेक गुंठ्यांत. मोठं नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. डोंगरावरची कवळं, बांधावरचं गवत आणि वर्षभराचं शेण तुम्ही या चार गुंठ्यांवर आणून पेटवता. उरलेल्या छत्तीस गुंठ्यांना मग काय मिळतं? युरियाची गोणी.

एका मे महिन्यात भावाकडे आम्ही एकराच्या राबाचे भारे ताणकाट्यावर तोलले. कवळ, पातेरा, गवत आणि वाळलं शेण मिळून साधारण ६०० किलो भरलं. वाळलेल्या काडीकचऱ्यात ढोबळमानानं चाळीस टक्के कर्ब असतो, म्हणजे २४० किलो. नत्र एक टक्का धरलं तर ६ किलो. पेटवल्यावर कर्ब जवळजवळ सगळा जातो. थोडा कोळसा मागे राहतो. तो मातीत फार वर्षं टिकतो, पण त्याचं प्रमाण अगदी कमी. नत्रही बहुतेक धुरातच जातं. राखेत राहतो मुख्यतः पालाश. ६ किलो नत्र म्हणजे युरियाचे तेरा किलो. पैशांत ते फार नाही, आणि तुम्ही म्हणाल तेवढा युरिया आणता येईल. पण युरियात नत्र ४६ टक्के असतं, आणि मातीतल्या जिवांना खायला मिळेल असा कर्ब त्यात काहीच नसतो.

हे सगळं न जाळता मातीत घातलं तर कर्ब झपाट्यानं वाढेल, असंही समजू नका. इथे मला खरं बोललंच पाहिजे, कारण बाजारात खोटी आश्वासनं फार झाली आहेत. एकरभर जमिनीची वरची वीतभर माती सुमारे ८ लाख किलो भरते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब मातीत *टिकून* राहायला हवा. आपल्या उष्ण, दमट हवेत घातलेल्या कर्बाचा फार मोठा भाग वर्षभरात जीवजंतू खाऊन हवेत सोडतात. मागे उरतो दहा ते वीस टक्के. तुमचे २४० किलो घातले तर टिकतील तीस-चाळीस. म्हणजे ०.१ टक्का वाढायला वीसेक वर्षं लागतील, तीही दुसरीकडून कर्बाची गळती होत नसेल तर. एका हंगामात कर्ब अर्ध्या टक्क्यानं वाढवून देणारी बाटली घेऊन कुणी दारात आलं, तर त्याच्यापुढे हे गणित मांडा.

मग एवढं करून उपयोग काय? आहे, आणि तो आकड्यात यायच्या आधी खाचरात दिसतो. जे जीवजंतू ते खातात, त्यांच्या खाण्यातूनच मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि नत्र थोडं थोडं सुटत जातं. भाताच्या पिकाला लागणाऱ्या नत्रापैकी निम्मं किंवा त्याहून जास्त मातीतूनच येतं, भरपूर युरिया दिला तरी. टाकलेल्या युरियातलं पीक घेतं ते साधारण तीस-चाळीस टक्के. बाकीचं अमोनिया होऊन उडतं, नाहीतर नायट्रेट होऊन आपल्या धो धो पावसात निचरून जातं. काही भाग बिनहवेच्या चिखलात वायू होऊन निघून जातो, आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तिखट असतो.

आम्ही काय केलं ते सांगते. भावानं पहिल्या वर्षी अर्धा राब भाजला आणि अर्धा नाही. न भाजलेल्या अर्ध्यात तण माजलं, वहिनीनं दोनदा बेणलं आणि मला चार शब्द ऐकवले. तिचं बरोबर होतं. तण काढणं बायकांच्या वाट्याला येतं, आणि 'राब भाजू नका' सांगणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. दुसऱ्या वर्षी मेच्या मध्यात विहिरीचं पाणी देऊन आधी तण उगवू दिलं आणि ते खुरपून काढलं. मग गुंठ्याला दोन-अडीचशे किलो कुजलेलं शेणखत आणि गिरणीतली भाताच्या तुसाची काळी राख घालून चार फुटी गादीवाफे केले. तेव्हा रोप सारखं आलं आणि अलगद निघालं. तुसाची राख ही डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीतली गोष्ट. त्यांचं दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याची कोवळी पानं चिखलणीच्या आधी आठवडाभर खाचरात पसरली की युरियाची तहान बरीच कमी होते, आणि ऐनाचं झाडही वाचतं.

म्हणून आजोबांशी भांडू नका. त्यांना म्हणा, यंदा भाजायचा असेल तर गवत आणि वाळका पातेरा भाजू, पण *शेण नाही*. सगळं शेण खाचरांत जाऊ दे. आणि उकिरड्यावर छप्पर घाला. आपल्याकडच्या पावसात उघड्या उकिरड्यातून जे काळं पाणी ओढ्याला वाहतं, तेच तुमचं नत्र आणि पालाश. ते वाया जाताना पाहून मला दर जुलैत वाईट वाटतं. राब भाजून जेवढं जातं, त्याहून जास्त कित्येक गावांत उकिरड्यातून वाहून जात असेल.

प्रश्न : गेल्या वर्षी पेंढा न जाळता जूनमध्ये बारीक करून चिखलात गाडला. आवणीनंतर (लावणीनंतर) पंधरा दिवसांत भात पिवळं पडलं, फुटवे आले नाहीत. वडील म्हणाले, पुस्तकी शेती बंद कर. माझं काय चुकलं?
— शहापूर तालुका

उत्तर : वेळ चुकली. बाकी काही चुकलं नाही. हे पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण चांगलं काम करायला गेलेला माणूस पहिल्याच वर्षी पोळला की पुन्हा त्या वाटेला जात नाही.

पेंढ्यात कर्ब चाळीस टक्के आणि नत्र जेमतेम ०.६ टक्के. म्हणजे एका भाग नत्रामागे सुमारे ६५ भाग कर्ब. पेंढा कुजवणाऱ्या जिवांना पोट भरायला हवं एका भाग नत्रामागे साधारण २५ भाग कर्ब. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात, आणि त्याच वेळी तुमचं रोप तेच नत्र मागत असतं. हिशोब पाहा : १०० किलो पेंढ्यात ४० किलो कर्ब, त्याला हवं १.६ किलो नत्र, पेंढ्यात आहे ०.६. एक किलो उसनं घेतलं गेलं. ते बुडालेलं नाही. जीव मेले की परत मिळतं, पण तोवर फुटव्यांचे दिवस निघून गेलेले असतात. त्यात चिखलात हवा नाही. तिथे ताजा पेंढा सडताना सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि नव्या मुळांना इजा करतात. असं सडताना मिथेनही जास्त निघतो.

पुढच्या वेळी कापणीनंतर लगेच, नोव्हेंबरात ओल असतानाच पेंढा पसरून टाका. त्यात वाल टोका. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, पेंढा उन्हापासून ओल राखतो, आणि जूनपर्यंत त्याचं अर्धंअधिक कुजून गेलेलं असतं. एवढा पेंढा ठेवणं परवडत नसेल तर तेही मला समजतं. तबेल्याला पेंढा विकून आपल्याकडे घरात पैसे येतात. मग कापणी जरा उंच करा, वीतभर धसकटं राहू द्या. आणि मुळं राहू द्या. मुळांचा कर्ब मातीत वरून घातलेल्या काडीकचऱ्याच्या दुपटीहून जास्त टिकतो, कारण तो मातीच्या कणांना चिकटूनच तयार होतो.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राचा गाभा हाच आहे. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, आवणी नाही, मुळं जागेवर. मी ती शेतं पाहिली आहेत, गांडुळांच्या विष्ठेची रास पाहून थांबले होते. या पद्धतीत तणनाशकावर बराच भर आहे, आणि ते मला मनातून रुचत नाही. ज्यांच्याकडे मजूर मिळत नाहीत त्यांना मात्र मी ही पद्धत करू नका असं सांगत नाही.

ऐरोलीच्या एका भगिनींनीही पत्र पाठवलं आहे. सोसायटीतला झाडलेला पाला त्या कच्चाच कुंड्यांत मिसळतात आणि तुळस, मिरची पिवळी पडते. ताई, शहापूरच्या भाताला झालं तेच तुमच्या तुळशीला झालं. तीन टोपल्या वाळका पाला आणि एक टोपली स्वयंपाकघरातला ओला कचरा असे थर लावा, पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा ठेवा, आठवड्यातून एकदा वरखाली करा. तीन-चार महिन्यांनी मातीचा वास आला की कुंडीत घाला. आणि तुमच्या झाडूवाल्या काकांना पाला पेटवू देऊ नका. मागच्या भिंतीशी दोन बाय दोन मीटरची जागा द्या, तेवढी पुरते.

प्रश्न : मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.९२, म्हणजे 'जास्त', आणि उपलब्ध नत्र 'कमी'. दोन्ही एकदम कसं? पत्रिका चुकली का?
— भिवंडी तालुका

उत्तर : दोन्ही एकदम असू शकतं. भात कणगीत असणं वेगळं आणि ताटात असणं वेगळं. मातीतलं नव्वद टक्क्यांहून जास्त नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेलं असतं. बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र, असं साधारण प्रमाण. ते वर्षाला एक ते तीन टक्केच सुटतं. खाचर सतत पाण्याखाली राहिलं, स्फुरद कमी पडलं किंवा माती फार आम्ल असली की हा वेग आणखी मंदावतो. पत्रिकेत सामूचा (पीएचचा) आकडा ५.५ च्या खाली असेल तर आधी त्याकडे पाहा.

पण त्याआधी तुम्हाला एक विचारते : नमुना कुठून घेतला? प्रयोगशाळेत आम्ही कर्ब मोजायचो तो वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीनं. अर्धा-एक ग्रॅम माती, पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल. चंबू हाताला चटका लागेल एवढा तापतो. मग थेंब थेंब फेरस अमोनियम सल्फेट सोडायचं. जांभळट निळा रंग गडद होत जातो आणि एका थेंबात लख्ख हिरवा होतो. तो एक थेंब चुकू नये म्हणून मी कितीतरी दुपारी श्वास रोखून उभी राहिले आहे. एकदा एका नमुन्याचा चंबू आम्ल ओतताक्षणीच हिरवा झाला. म्हणजे डायक्रोमेट पुरलंच नाही, एवढा कर्ब. शेतकऱ्याला विचारलं तर त्यानं माती उकिरड्याशेजारून भरली होती, रस्त्याजवळ सोयीचं होतं म्हणून. आम्ही कितीही काळजी घेतली तरी तो आकडा त्याच्या खाचराचा नव्हता.

म्हणून बांध, झाड, उकिरडा आणि जनावरं बांधायची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या. कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा, सगळी एकत्र करा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करत जा. सावलीत वाळवा. कापणीनंतर आणि खत घालण्यापूर्वी नमुना घ्या, दर वेळी त्याच महिन्यात. वर्षावर्षाची तुलना मगच खरी ठरते.

नत्र खरंच कमी निघालं तरी युरिया एकदम ओतू नका. भाताच्या शिफारशीतलं नत्र आवणीला चाळीस टक्के, फुटव्याच्या वेळी चाळीस आणि लोंबी धरताना वीस असं विभागा. पावसाची उघडीप पाहून, पाणी कमी करून, बांधाची मोरी बंद करून द्या. किंवा ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्या, वापरा : २.७ ग्रॅमची एक गोळी रोपांच्या चार चुडांच्या (जुडग्यांच्या) मध्ये, बोटभर खोल, आवणीच्याच दिवशी. चिखलात खोल गेलेलं अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं, वर उडत नाही.

प्रश्न : शीळफाट्याजवळ आमचं एक एकर खाचर आहे. एका टॉवरच्या बागेसाठी वरची वीतभर माती ट्रॅक्टरनं उचलायची म्हणतात. पैसे रोख. खाली मातीच आहे, दोन वर्षांत पुन्हा भात येईल असं ते सांगतात. द्यावी का?
— ठाणे

उत्तर : देऊ नका.

घोडबंदरला मी लहानपणी भाताची खाचरं पाहिली, आता तिथे टॉवरच्या कुंड्यांत तसल्याच मातीत झाडं आहेत. त्यामुळे हे पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या मातीत कर्ब ०.६ टक्के धरू. वरच्या वीतभर थरात ८ लाख किलो माती, म्हणजे ४,८०० किलो कर्ब आणि सुमारे ४०० किलो नत्र. एवढ्या नत्राचा युरिया घ्यायचा तर ४५ किलोच्या एकोणीस गोण्या. त्या दुकानात मिळतील. ४,८०० किलो कर्ब मिळणार नाही. वर राबाच्या पत्रात मांडलेलं गणित इथे लावून पाहा. वीतभर खाली माती असते हे खरं, पण तिच्यात कर्ब बराच कमी असतो आणि जिवाणू, बुरशी, गांडुळं यांची वस्तीही विरळ. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचरात त्या खोलीवर घट्ट थर बसलेला असतो, ज्यावर पाणी उभं राहतं. ट्रॅक्टरच्या चाकांखाली आणि खोऱ्याखाली तो फुटला की भाताचं पाणी खाचरात थांबत नाही. शिवाय तुमचं खाचर शेजाऱ्यापेक्षा वीतभर खाली जाईल, त्याच्या बांधाचं पाणी तुमच्यात आणि भांडण दारात.

पैशांची नड असेल तर वर्षाचा पेंढा विका, वाल-मुगासाठी जमीन एका हंगामापुरती कुणाला कसायला द्या. बागेवाल्यांना सांगा, तुमच्याच पायाच्या खड्ड्यातून निघालेली माती वापरा आणि तिच्यात चौथा हिस्सा कुजलेलं खत मिसळा. त्याच टॉवरमधून रोज ओला कचरा आणि पाला निघतो. तो कुजवायची जागा नकाशात दाखवा म्हणा, एका पावसाळ्यात बागेपुरती माती तयार होते. कसं करायचं ते त्यांच्या माळ्याला मी येऊन दाखवीन. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी.